माइक सुरू केला की

मुलगा शिकायला बेंगळुरूला गेल्यापासून आमचा संवाद फोनवर कमी आणि ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’च्या मैदानात अधिक होतो. (वर्गात ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याने हे कबूल करावे का, हा प्रश्न वेगळा.) ब्लूटूथ हेडफोन चढवून खेळताना एक गोष्ट मला फार खटके. मी माइक सुरू केला की पावलांचे, गाड्यांचे आवाज एकाएकी विटत. डावे-उजवे उरत नसे. जुन्या ट्रंक कॉलची आठवण व्हावी, असे सारे.

कारण साधे निघाले. ‘ए२डीपी’ हे प्रोफाइल स्टिरिओ आवाज आणते, पण एकमार्गी. त्यात हेडफोनच्या माइकला वाट नाही. तो माइक वापरायचा, तर हेडफोनला ‘एचएफपी’वर उतरावे लागते. ते मुळात फोनवरच्या संभाषणासाठी घडवलेले: दुमार्गी, पण मोनो. ए२डीपीत सेकंदाला ४४,१०० नमुने सहज मावतात. एचएफपीत बहुधा ८,००० किंवा १६,०००. म्हणजे बोलायचे, तर ऐकण्यातले पुष्कळ सोडायचे.

मुलाने तोडगा सुचवला: ऐकणे हेडफोनवर, माइक मात्र फोनचा. ए२डीपी टिकले. आवाज किंचित उशिरा येतो, ते मी सोसतो. पण टेबलावरचा फोन माझ्याबरोबर सारे घरच ऐकवतो, म्हणून परवा मी पुन्हा एचएफपीकडे वळू लागलो.

“राहू दे ना बाबा,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ऐन चकमकीत, “तिसरी शिट्टी झाली. आई कुठंय? गॅस बंद कर की.”

मी उठलो. ती फेरी आम्ही हरलो.