त्यांच्या पगारातले तास

अमेरिकेत बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला 'फ्लॅट रेट'ने पैसे मिळतात. कोणत्या कामाला किती तास, हे आधीच ठरलेलं. स्विच बदलला की त्याचे पैसे हातात; बिघाड शोधण्यात गेलेला वेळ मात्र बहुतेकदा आपल्याच खिशातून जातो. हे समजल्याशिवाय न्यू जर्सीतल्या त्या पोर्तो रिकोच्या मिस्त्रींचं माझ्यावर काय ऋण आहे, ते कळायचं नाही.

मी इचलकरंजीहून डिप्लोमा करून गेलेलो, कामावर नवा. गालिचे धुणाऱ्यांची व्हॅन आली. तिचा पंप आणि ब्लोअर पीटीओवर, म्हणजे गाडीच्याच इंजिनाच्या जोरावर चालायचे. पीटीओ लागत नव्हता. स्कॅनरवर कोड पी२५१ए : पीटीओ स्विचच्या सर्किटमध्ये बिघाड. मॅनेजर म्हणाला, स्विच टाका नि सोडा गाडी.

मिस्त्री हातातलं काम अर्ध्यावर टाकून माझ्याजवळ आले. "कोड पुसू नकोस, आधी लिहून घे. त्यानं सर्किट सांगितलंय. स्विच, फ्यूज, वायर की कनेक्टर, ते आपण बघायचं." गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय नाही, या अटी त्यांनी माझ्याकडूनच तपासून घेतल्या. स्विच चांगला निघाला. मीटरवर वायरही ठणठणीत. मग कॉम्प्युटरचा कनेक्टर काढून त्यांनी त्या वायरीवर इंडिकेटरचा बल्ब जोडला आणि मला वायरिंग हळूहळू हलवायला लावलं. इंजिनाजवळ एका जागी हात लागला आणि बल्ब फडफडला.

तिथलं आवरण त्यांनी ब्लेडनं उभं चिरलं. आत हिरवा भुगा, तांब्याच्या दोन-तीन काळ्या तारा तेवढ्या शाबूत. पूर्वी कुणीतरी सुई टोचून ती वायर तपासली होती, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी त्या भोकातून आत शिरलं होतं. वायरीला कधी टोचायचं नाही, हे मला त्यानंतर कुणी सांगावं लागलं नाही.

या सगळ्यात त्यांची स्वतःची गाडी तशीच उभी राहिली. शुक्रवारी हिशेब पाहिला, तर या कामाचे जे काही तास मिळाले होते, ते त्यांनी माझ्या नावावर लावलेले. घरी पैसे पाठवायचे दिवस होते माझे. त्यांना ते ठाऊक होतं.

मी पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला मात्र घेतला, घरच्या राजम्यात घातला आणि पुढच्या आठवड्यात आणखी मागितला.