थेम्सच्या भरतीबरोबर

लंडन शहरांतून नावेनें जावयाचें तर आधीं भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा लागतो. कोंकणांत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. येथें ती छापील कोष्टकांत असते. थेम्स समुद्राला मिळते खरी, पण समुद्रही टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत तिच्या पात्रांत शिरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ लंडन ब्रिजपाशीं पाणी २० फुटांहून अधिक चढतें-उतरतें.

लाइमहाउसहून पूर्ण भरतीपूर्वीं सुमारें ३ तास नाव सोडावी, म्हणजे प्रवाहच तिला पश्चिमेस टेडिंग्टनकडे रेटतो. उशीर झाल्यास तोच प्रवाह उलटतो. ओहोटींत पटनीच्या वरच्या अंगास नाव तळाला टेकण्याची भीति. उलट मोठ्या भरतीला हॅमरस्मिथच्या पुलाखालीं अवघे १२ फूट मोकळे राहतात! या दोहोंमधील वेळ साधणें हेंच नावाड्याचें खरें कौशल्य.

शिवाय या पात्रांत मोठ्या जहाजांची वर्दळ असते. ता. २० ऑगस्ट १९८९ च्या रात्रीं सहलीची ‘मार्चिओनेस’ नौका वाळू उपसणाऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन बुडाली व ५१ जीव गेले. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर, २००२ पासून, नदीवर जीवरक्षक नौकांचीं ठाणीं बसलीं. दिवस आपण निवडावा. निघण्याची घटका मात्र नदीलाच ठरवूं द्यावी.