आवाज गेला कुठे?



गेल्या आठवड्यात माझ्या ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. संध्याकाळची जेवणं दिवसाउजेडी आटोपून मी लॅपटॉप उघडून बसले. ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती हसतेय, बोलतेय, पण आवाजच येईना!

दुपारी नातू त्यावर गेम खेळला होता. मी त्याच्यावरच घसरले, "तूच काहीतरी बिघडवलंस!" "आजी, मी काही नाही केलं," म्हणत तो रडवेला होऊन आत गेला. ताईशी शेवटी फोनवर बोलले. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "स्पीकर गेले असतील, उद्या घेऊन या."

मला स्वस्थ बसवेना. आमच्याकडे विंडोज १० आहे. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुली नव्हती. आवाजाची पट्टी १०० वर होती. इअरफोनची पिन लावलेली नव्हती. मग त्या चित्रावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडलं आणि एक स्तवन लावलं. हिरवी रेघ खालीवर नाचत होती! म्हणजे आवाज निघत होता, पण पोचत नव्हता.

तेव्हा बी.कॉम.चा धडा आठवला. रक्कम चुकून दुसऱ्याच्याच खात्यात खतावली, तरी ट्रायल बॅलन्स जुळतो. चूक आकड्यात नसते, खात्यात असते.

चित्रावर साधं क्लिक केलं. पट्टीच्या वर हेडफोनचं नाव होतं! दुपारी यांची झोपमोड नको म्हणून मीच ब्लूटूथ हेडफोन लावून प्रवचन ऐकलं होतं आणि बंद न करताच कपाटात ठेवले होते. त्या नावावर क्लिक केल्यावर यादी उघडली. त्यातलं 'स्पीकर्स' निवडलं, आणि स्तवन घरभर घुमलं.

हेडफोन बंद केले आणि नातवाच्या खोलीत गेले. "चूक माझीच होती रे राजा. आजीला माफ कर." तो क्षणभर गप्प राहिला. मग डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे मोठी आजी कपाटात बोलत होती?" दोघंही पोट धरून हसलो.

क्षमा मागायला आपण पर्युषणाची वाट बघतो. पण लहान मुलावर घेतलेला खोटा आळ तेवढे दिवस शिल्लक ठेवू नये. त्याच दिवशी खातं चुकतं करावं.

आणि हो, स्पीकर बदलायला नेण्याआधी तेवढं पट्टीवरचं नाव वाचा!