मरळीचे आमिष

‘आमिष’ हा शब्द वर्गात आला की आम्ही त्याच्या मुळापाशी थोडे थांबतो. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष आणि निरामिष ही जोडी आजही त्या अर्थाची साक्ष देते. मराठीत मात्र हे मांस ताटातून उठून गळाच्या टोकावर गेले आणि तिथून थेट वर्तमानपत्रात. नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष, दामदुपटीचे आमिष. अशा बातमीत आरोपी म्हणून नाव छापले जाते ते आमिष दाखवणाऱ्याचे. पण वाचणारा मनातल्या मनात निकाल देतो तो गिळणाऱ्याविरुद्ध. हाव धरली, भोगा आता! आमचा आक्षेप या मनातल्या निकालाला आहे. त्याला आधार ग्रंथांचा थोडा आणि पाण्याकाठच्या अनुभवाचा अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही म्हणजे दोघे. एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. दोन्ही गावची महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्यामुळे परीक्षेच्या कामासाठी विष्णुपुरीला भेट ठरलेली. विद्यापीठाच्या जवळच गोदावरीवर अडवलेला शंकरसागर जलाशय. दिवसभर उत्तरपत्रिकांतून तीच तीच वाक्ये वाचून डोळे शिणले की संध्याकाळी काठावर जाऊन बसायचे, असा प्रघात पडला. बसता बसता गळ हाती आला. मराठीच्या प्राध्यापकांनी मासे धरावेत हे काही सहकाऱ्यांना रुचत नाही. असो. भाषेच्या माणसाला एवढे तरी तिथे मिळते: गळ ‘टाकला’ तर ती फसवणूक आणि गळ ‘घातली’ तर ती विनवणी. लिंग बदलले, क्रियापद बदलले आणि पारध्याचा याचक झाला. काठावर तासभर काही न लागता बसलेला माणूस नेमका कोणत्या लिंगात बसलेला असतो, हे सांगणे अवघड आहे.

कुठल्या माशाला काय लावायचे, हा या छंदातला पहिला आणि शेवटचा प्रश्न. रोहू, मृगळ यांच्यासाठी कणकेचा गोळा, त्यात भुईमुगाची पेंड मळलेली. तळ्यात सोडलेल्या या माशांना पेंड आणि भाताचा कोंडा हेच खाद्य घालण्याची जुनी रीत आहे, म्हणून तो वास त्यांच्या ओळखीचा. मिशा असलेल्या माशांना गांडूळ. या मिशा शोभेच्या नव्हेत. त्यांच्यावर चव घेणारे सूक्ष्म अवयव असतात. गढूळ पाण्यात, रात्री, तळाशी हे मासे अक्षरशः मिशांनी चाखत फिरतात.

इथवर परंपरेचे म्हणणे बिनतक्रार पटते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मासा आहे. आठव्या अध्यायातला हा मासा रसनेमुळे गळाला लागतो आणि जीभ जिंकल्याखेरीज काहीच जिंकले जात नाही असा धडा देतो. पतंग रूपाने मरतो, हरिण नादाने, हत्ती स्पर्शाने आणि मासा चवीने. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, ती 1573 मध्ये वाराणसीत पूर्ण झाली. नाथांचे पैठण याच गोदावरीच्या काठी, आमच्या वरच्या अंगाला. रोज नदीवर जाणाऱ्या त्या पुरुषाने गळ टाकून बसलेली माणसे पाहिलीच नसतील, असे आम्हाला वाटत नाही. पेंडीच्या गोळ्याभोवती घुटमळणारा रोहू पाहावा आणि रसनेचे प्रकरण पुन्हा वाचावे. दृष्टांत चपखल बसतो.

अडचण सुरू होते ती मरळीपाशी.

मरळ हा मराठवाड्याला शोभणारा मासा आहे. तिला कल्ल्यांबरोबरच वरची हवा घेण्याची सोय आहे. पृष्ठभागावर येऊन ती घोट घेतल्यासारखी हवा घेते आणि पुन्हा खाली जाते. तळे आटत चालले तरी ओल्या चिखलात ती तग धरते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यापर्यंत जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर आले, तेव्हा त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. टँकरखाली घागरींची रांग लावून उभे राहिलेल्या आमच्या गावाला चिखलात श्वास धरून बसणारा हा मासा परका वाटण्याचे कारण नाही.

तर ही मरळ कणकेकडे ढुंकून पाहत नाही. ती शिकार करते. तिच्यासाठी जुन्या काळापासून जिवंत बेडूक लावतात. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक 1653 साली निघाले, म्हणजे नाथांच्या ग्रंथानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी. त्यातही बेडूक गळाला लावण्याची रीत आहे, आणि तो शक्य तितका वेळ जिवंत राहावा म्हणून किती हळुवार हाताने लावावा हेही आहे. ही हळुवारता वाचून आमच्या अंगावर काटा येतो. म्हणून आम्ही रबरी बेडूक वापरतो. आतून पोकळ, मऊ, मागे दोन आकड्यांचा गळ आणि त्याची टोके वरच्या बाजूला पाठीशी टेकलेली, म्हणजे जलपर्णीत अडकू नये. मरळीने तोंडात दाबला की रबर चेपते आणि टोके मोकळी होतात.

या रबराला चव नाही, वास आहे तो कारखान्याचा. तरीही मरळ त्यावर अशी तुटून पडते की पाणी फुटल्याचा आवाज पलीकडच्या काठाला जावा. मग रसना कुठे राहिली? काठावरच्या एका वयस्क भोई मामांना आम्ही हा प्रश्न जरा शास्त्रोक्त भाषेत विचारला. ते म्हणाले, “सर, मासा काय निस्ता भुकंनंच तोंड उघडतो का?”

माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्याची हालचाल त्याला तिच्यामुळे कळते. बेडूक थांबतथांबत ओढला, मधे क्षणभर निपचित ठेवला, की ती थरथर मरळीला बरोबर जाणवते. रंगाचे म्हणाल तर खालून आभाळाकडे पाहणाऱ्या माशाला बेडकाची बहुधा काळी आकृतीच दिसत असणार. पाठीवरचे हिरवे-पिवळे ठिपके आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी रंगवलेले असतात, असा आमचा संशय आहे. दुकानातले पहिले आमिष आम्हीच गिळतो! अमेरिकेत आणि कॅनडात मात्र वॉलाय नावाच्या माशासाठी रंगाचा खल खरोखर चालतो. त्याच्या डोळ्यामागे मांजरासारखा उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला चांगले दिसते. गढूळ पाण्यात तिथले लोक नारिंगी किंवा पिवळट हिरवे आमिष निवडतात. म्हणजे एक मासा चवीने सापडतो, दुसरा नजरेने, तिसरा थरथरीने. अवधूताने पतंगाला, हरिणाला आणि माशाला वाटून दिलेली इंद्रिये एकट्या पाण्यात सगळी सापडतात.

पण मरळीचे सर्वांत खात्रीचे आमिष याहून वेगळे आहे. पावसाळ्यात तिची पिले जन्मतात. लालसर पिलांचा घोळका पृष्ठभागाशी बुडबुडल्यासारखा हलत असतो आणि त्याच्या खाली पालक पहाऱ्यावर असतो. गळ टाकणाऱ्याने बेडूक घोळक्याच्या पलीकडे टाकायचा आणि पिलांमधून ओढत आणायचा, एवढेच. खाली भूक असो-नसो, वार येतो. तो घास नसतो. पिलांवर आलेल्या शत्रूला हाकलण्यासाठी तोंड उघडलेले असते. आमच्यापैकी एकाने असा घोळका पाहून बेडूक बाहेर काढला तेव्हा मामांनी मनगट धरले. “लेकुरवाळी हाय ती. ऱ्हाऊ द्या, सर.” खरे तर पुष्कळदा हा पहारेकरी नर असतो. तेव्हा ‘लेकुरवाळा’ म्हणणे अधिक अचूक, आणि पंढरीची वाट माहीत असलेल्या वाचकाला त्या शब्दाबद्दल अधिक सांगायला नको.

पालक उचलला गेला की तो घोळका इतर माशांच्या तोंडी जायला वेळ लागत नाही.

लातूरकराला हे पाहून दरवर्षी जूनमध्ये आपल्या गावात येणारे आईबाप आठवतात. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून लांबलांबच्या तालुक्यांतून ते येतात. चौकाचौकांतल्या फलकांवर हसऱ्या मुलामुलींचे चेहरे आणि गुण. त्यातली कोणती शिकवणी चांगली आणि कोणती नुसते रंगवलेले रबर, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. चांगले शिकवणारेही तिथे आहेत. पण शेत गहाण टाकून शुल्क भरणारा बाप जेव्हा फसतो, तेव्हा गावी परतल्यावर त्याला ऐकावे लागते ते हेच: डॉक्टरकीची हाव धरली. आम्ही त्या बापाला स्टँडवर पाहिलेले आहे. ट्रंकेवर बसून तो मुलाला भाकरी बांधलेले फडके देत असतो आणि स्वतः चहावर भागवतो. त्याला हाव म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फलक लिहिणाऱ्याला मात्र नेमके ठाऊक असते की बेडूक कुठून ओढायचा.

एकादश स्कंधाचा तोच अध्याय पुढे वाचला तर माशानंतर लगेच पिंगला येते. गिऱ्हाइकाची वाट पाहत अर्ध्या रात्रीपर्यंत आत-बाहेर करणारी, आणि शेवटी आशा सोडून शांत झोपी जाणारी. मासा आणि पिंगला असे लागोपाठ का, यावर आमच्यात मतभेद आहेत. नांदेडकर म्हणतो, रसनेनंतर आशा हा चढता क्रम आहे. लातूरकराचे म्हणणे असे की काठावर आतुरतेने बसणारा माणूस त्या कथेत कुठे तरी यायलाच हवा होता, तो पिंगलेच्या रूपाने आला. शोधनिबंधात हे टिकणार नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

सध्या आमच्या पिशवीत पावसाळाभर कणीक, पेंड आणि गांडुळांचा डबा एवढेच असते. रबरी बेडूक दिवाळीनंतर निघतो; तोवर पिले पांगलेली असतात, पाणी निवळते आणि मरळ खरोखरच भुकेने वर येते. मामांना तेवढे चालते. रंगाबाबत अजून एकमत नाही: एकाचा काळा, दुसऱ्याचा हिरवा. गेल्या हिवाळ्यात दोन्ही बेडकांवर मरळीने सारख्याच त्वेषाने उडी घेतली आणि दोन्ही वेळा ती सुटून गेली.