शनिवारची सायकल

“फादर, मोटारसायकल विकली की चोरीस गेली?” गावी परतल्यापासून हा प्रश्न आम्हांस निदान वीस जणांनी तरी विचारला असेल. विचारणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. आमच्या वसईकडील ज्या घरांतून वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे सायकलवरून दुधाच्या बरण्या आणि भाजीच्या पाट्या वाहिल्या, त्या घरांना सायकल म्हणजे कष्टाची खूण वाटते. हाती चार पैसे आले की पहिल्याने सायकल सुटते. अशा गावात धर्मगुरूने दर शनिवारी पहाटे हौसेने सायकल काढून दहा-वीस किलोमीटर हिंडून यावे, याचे लोकांस नवल वाटले तर ते साहजिकच आहे. म्हणून या हौसेची हकीकत वाचकांपुढे एकदा मांडावी, असे आम्ही योजिले आहे.

२०२४ च्या जून महिन्यात वर्षभराच्या अभ्यासासाठी आम्ही बडोद्यास गेलो. मुक्काम फतेगंजास होता. फतेगंज ही इंग्रजी अमदानीतील कँपाची वस्ती. त्या काळातील जुनी चर्चे आजही तेथे उभी आहेत. हाकेच्या अंतरावर महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९४९ सालची. परंतु त्याचा तो भव्य घुमट त्याहून पुष्कळ जुना, बडोदे कॉलेजच्या काळचा. गायकवाडांच्या राज्यामुळे मराठी बोलणारी घरे शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यामुळे आम्हांस परकेपणा असा वाटला नाही. मात्र गावी असताना अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि घरोघरचे आशीर्वाद यांनिमित्त जी पायपीट घडे, ती तेथे बंद पडली. दिवसभर खुर्ची आणि पुस्तक. दोन महिन्यांत डॉक्टरांनी रक्त तपासले व साखरेचा आकडा दाखवून ते म्हणाले, “फादर, तुमचे वय चव्वेचाळीस. आज पाय हलविले नाहीत, तर पुढे गोळ्या मोजीत बसाल.” आमचे वडील याच विकाराने गेले. त्यामुळे त्या बोलण्याची आम्हांस भीती वाटली, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्या मागे दर शनिवारी पहाटे सहा-सात जणांची टोळी सायकलींवर निघत असे. त्यांनी आम्हांस एक जुनी पण धडधाकट सायकल मिळवून दिली. पहिल्या दिवशी कमाटीबागेपर्यंत जाऊन येतानाच आमचे गुडघे बोलू लागले. गुरुजींनी आमच्या पायांकडे पाहिले आणि पाना काढून सीट चार बोटे वर केली. ते म्हणाले, “फादर, पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली, तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट बुटकी राहिली की सारा भार गुडघ्यावर येतो.” तीस वर्षांत ही साधी गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती. त्यांनीच टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावयास शिकविले. चढावर नेट लावून दम घालविण्यापेक्षा हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवावेत, हेही शिकविले. महिन्याभरात गुडघे गप्प झाले.

त्यानंतरच्या शनिवारांनी आम्हांस बडोदे दाखविले. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी प्रजेसाठी उभारलेली कमाटीबाग पहाटेच्या धुक्यात पाहिली. पूर्वेस आजव्याचा तलाव पाहिला. शहरास पिण्याचे पाणी मिळावे म्हणून महाराजांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधविला आणि नळांनी पाणी गावात आणले. पश्चिमेस शेवाशीची जुनी पायऱ्यांची विहीर पाहिली. तेथून पुढे मही नदीच्या काठी सिंधरोट. मोटारीतून हेच रस्ते आम्ही पूर्वी पाहिले होते; पण कोठे कडुनिंबाचा मोहर दरवळतो आणि कोणत्या वळणावर भाकरी भाजल्याचा वास येतो, ते मोटारीत कळत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला. ही नदी पावागडाकडून येते व शहराच्या मधून वाहते. वरच्या भागात अतोनात पाऊस झाला, आजव्याचेही पाणी तिला मिळाले, आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्यात बुडाल्या. नदीतील मगरी लोकांच्या अंगणात आल्या. पाणी उतरू लागले तेव्हा गल्ल्यांतून घोटाभर चिखल होता, आणि पाणी शिरल्यामुळे दारोदारच्या मोटारी व स्कूटरी मुक्या होऊन उभ्या होत्या. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या टोळीने सायकली हाती धरून, कोठे चालवीत तर कोठे ढकलीत, दुधाच्या पिशव्या, मेणबत्त्या व म्हाताऱ्या माणसांची औषधे पोहोचविली. लोकांनी आशीर्वाद दिले. आपली हौस परोपकाराच्या कामी आली, याचा आम्हांस अभिमान वाटला. हा अभिमान आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवीत आहोत, कारण पुढील हकीकतीशी त्याचा संबंध आहे.

हिवाळ्यात टोळीतील दोन तरुणांनी दोनशे किलोमीटरच्या लांब पल्ल्याच्या फेरीत उतरण्याचे ठरविले. फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या प्रकारात शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. मात्र दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. म्हणजे विसावा धरून ताशी सुमारे पंधरा किलोमीटर पडले पाहिजेत. त्यांच्या सरावासाठी आम्ही सारेच घड्याळ लावून जाऊ लागलो. आता रस्त्यापेक्षा घड्याळाकडे लक्ष अधिक जाऊ लागले.

डिसेंबरातील एका शनिवारी आम्ही सिंधरोटच्या वाटेवर होतो. शेवाशीच्या आसपास, पुरते उजाडण्यापूर्वी, पहारेकऱ्याच्या खाकी पोशाखातील एक मनुष्य सायकल हाती धरून चाललेला दिसला. मागचे चाक पार बसलेले होते. आमच्या पिशवीत पंप, ठिगळे, सोल्युशनची नळी, सारे काही होते. हे सर्व आम्ही एका नजरेत पाहिले, आणि एका नजरेतच पुढे निघून गेलो. त्या दिवशी आमची गती चांगली लागली होती.

सिंधरोटला लारीवर चहा घेताना गप्पा रंगल्या. आम्ही त्या मंडळींना जिनो बार्ताली या इटालियन सायकलपटूची कथा सांगितली. हा भाविक कॅथलिक गृहस्थ १९३८ व १९४८ अशा दोन साली फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत जिंकला. मधल्या महायुद्धात इटलीवर जर्मनांचा ताबा असताना, फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या विनंतीवरून, सरावाचा बहाणा करून तो फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत सायकलने जात असे, आणि त्याच्या सायकलीच्या पोकळ नळ्यांत छळ सोसणाऱ्या ज्यू लोकांस वाचविणारी कागदपत्रे लपविलेली असत. पकडला गेला असता, तर प्राणाशीच गाठ होती. पुढे जन्मभर त्याने या गोष्टीची वाच्यता टाळली. २००० साली तो वारला, आणि २०१३ साली यरुशलेमच्या याद वाशेम या संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. कथा ऐकून मंडळी भारावली. एका तरुणाने तर चहाचे पैसे आम्हांस देऊ दिले नाहीत.

परतीच्या वाटेवर पंधरा मिनिटे झाली असतील-नसतील, तोच खाकी पोशाखातील तो मनुष्य समोरून येताना दिसला. सायकल तशीच हाती होती. आम्ही पुढे जाऊन, चहा पिऊन, बार्तालीची थोरवी सांगून परत फिरलो, तोवर सव्वा तास तो चालतच होता. त्या वेळी वाटेवर दुरुस्तीचे एकही दुकान उघडलेले नव्हते.

या वेळी गुरुजींनी प्रथम ब्रेक लावला. सायकल उलटी करून टायर काढला. ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ धरली, तेव्हा भोक सापडले. बाभळीचा काटा होता. कानशीने घासून, सोल्युशन लावून, ते वाळू देऊन ठिगळ बसविले. सारे मिळून बारा मिनिटे लागली. तेवढ्यात आमच्या मोडक्या गुजरातीत आम्ही त्याची विचारपूस केली. तो शहरात रात्रपाळी करी. तो सातपर्यंत घरी पोहोचला की मूल त्याच्या हवाली करून बायको घरकामास बाहेर पडे. “आज तिचा खाडा झाला असेल,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. मग त्याने खिशात हात घालून आम्हांस विचारले, “किती द्यायचे?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. गुरुजींनी त्याला हात जोडले. आम्ही बायकोच्या बुडालेल्या मजुरीबद्दल काही देऊ केले, ते त्याने घेतले नाही. सायकलवर टांग टाकून तो निघून गेला.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या त्या वाटेच्या दाखल्यावर आम्ही आजवर अनेक प्रवचने दिली आहेत. त्या दाखल्यातही प्रथम जो पाहून बाजूने निघून जातो, तो याजकच आहे. पुरात आम्ही मदत केली, कारण त्या दिवसांत मदत करावयाची असे ठरवूनच आम्ही घराबाहेर पडलो होतो. त्या पहाटे मात्र आम्ही दुसरेच काही ठरविले होते. बारा मिनिटांचे काम होते, आणि त्यासाठी एका घराचा दिवसाचा रोजगार बुडाला.

पुढच्या शनिवारपासून टोळीने नियम केला. सर्वांत हळू चालविणारा पुढे, आणि हत्यारांची पिशवी असलेला सर्वांत मागे. वाटेत कोणाची सायकल अडलेली दिसली, तर मागच्याने थांबावयाचे व घंटी वाजवून सर्वांस थांबवावयाचे. मागे राहण्याचे काम आम्ही मागून घेतले. त्या दोघा तरुणांनी आपली दोनशे किलोमीटरची फेरी पुढे वेळेत पुरी केली, हेही सांगितले पाहिजे. थांबल्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही.

आमची साखर आता ताळ्यावर आहे. डॉक्टर खूश आहेत, आणि आम्हीही आहोत. ही हौस आम्ही सोडणार नाही. कारण पहाटेच्या गार वाऱ्यात मिळणारा आनंद ही परमेश्वराची देणगी आहे, आणि ती घेण्यात लाज कसली? शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही चर्चच्या फाटकापाशी असतो. धर्मग्रामातील ज्या तरुणांस यावेसे वाटेल, त्यांनी जरूर यावे. सायकल जुनी असली तरी चालेल; मात्र ब्रेक ठीक असावेत आणि मागे तांबडा दिवा असावा. पंप आणि ठिगळांची डबी आमच्यापाशी आहे. गावी आल्यापासून ती डबी दोनदा रिकामी झाली व दोनदा भरली.