जोत्यात काय भरलंय?

नवं घर बघायला आलेला पाहुणा काय बघतो? हॉलचा रंग, किचनचा ओटा, टाइल्सची चमक. "जोत्यात काय भरलंय हो?" असं विचारणारा पाहुणा मी तरी अजून पाहिलेला नाही. आमच्या वांगणीच्या घराने मात्र या प्रश्नाचं उत्तर आम्हाला न विचारताच दिलं, तेही हप्त्याहप्त्याने!

घर आजोबांनी बांधलेलं. दगडी जोतं, आत धुम्मसाने चोपलेला मुरूम, वर शेणाने सारवलेली जमीन. पावसाळ्यात ती ओलसर व्हायची, पण ऊन पडलं की वाळायचीही. ताईचं लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी पीएफमधून पैसे काढले, मागे दोन खोल्या वाढवल्या आणि घरभर टाइल्स बसवल्या. नव्या खोल्यांच्या जोत्यात कंत्राटदाराने जे काही टाकलं ते टाइल्सखाली झाकलं गेलं.

दोन पावसाळ्यांत भिंतींना फूटभर लोणा चढला. रंग काढला, पुन्हा पोपडे. आता सिव्हिलला आल्यावर कारण कळतं. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे बारीक नळ्याच. नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढणार. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते सुमारे दीड मीटर चढतं! मुरमात फटी मोठ्या, म्हणून चढ कमी. बारीक काळ्या मातीत जास्त. त्यात वरून टाइल्सचं झाकण. मग ओल बिचारी जाणार कुठे? भिंतीत! ती अडवायला जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर द्यावा लागतो. आमच्याकडे तो दिलाच नव्हता.

मग आला २०१९चा जुलै. २७ तारखेला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. सुमारे हजार प्रवासी सुखरूप बाहेर काढले. आमच्या घरातही गुडघाभर पाणी होतं. ते ओसरलं, आम्ही चिखल धुतला, संपलं असं वाटलं. पण सैल भराव भिजला की खाली बसतो. वरची फरशी मात्र अधांतरी टिकून राहते आणि मधे पोकळी तयार होते. तिथे घुशी आल्या. घुशींच्या मागे एकदा धामण आली. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसू लागल्या आणि आजोबांची लाकडी पेटी आतून भुसा झाली. आत घराची जुनी कागदपत्रं होती.

गेल्या मे महिन्यात स्वयंपाकघरातली फरशी आजीच्या पायाखाली खचली. घोट्याला प्लास्टर. अप्पा म्हणाले, "आता पुरे. विकू आणि बदलापूरला फ्लॅट घेऊ." आजी खाटेवरून म्हणाली, "विकशील रे, पण घेणाऱ्याला खालचं सांगशील का?" अप्पा गप्प झाले.

शेवटी फरशी उखडली. भरावातून निघालं काय? काळी माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि एक चप्पल! सगळं काढून मुरूम भरला, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि चोपणी. वाळवीसाठी औषध मारलं. (त्याचं आयएस ६३१३ हे स्वतंत्र मानक आहे, व्हायवाला उपयोगी पडेल!) वर दगडाचं सोलिंग, प्लास्टिकचा जाड कागद, काँक्रीट आणि मग फरशी. जुन्या भिंतींची ओल अजून पूर्ण गेलेली नाही. तिला वेळ लागेल.

अमेरिकेत बऱ्याच घरांखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी मुद्दाम ठेवतात, तळाला बहुतेकदा नुसती माती. तिथेही हीच ओल, लाकडाला बुरशी, उंदीर. उपायही तोच, मातीवर प्लास्टिकचा कागद. फरक एवढाच की त्यांना आत शिरून बघता येतं. आपल्याला बांधतानाच बघावं लागतं, नंतर फरशी फोडल्याशिवाय दिसत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी गेलात की एक रुपयाचं नाणं घ्या आणि फरशीवर ठोकत फिरा. पोकळ आवाज म्हणजे दर वेळी खड्डाच असं नाही, कधी नुसता टाइलखालचा मसाला सुटलेला असतो. पण आवाज दरवर्षी पसरत असेल, तर रंगाचे पैसे खाली घाला. आणि कुणाचं घर बांधायला निघालं असेल, तर भरावाच्या दिवशी सबमिशन सोडून तिथे जाऊन उभे राहा.