हातात हात

करंजाडे येथील आमच्या गॅलरीत चहा घेताना लंडनचे ते वर्ष आठवते. लग्नानंतर यांच्या नोकरीनिमित्त आम्ही तिथे राहिलो. सुट्टीच्या दिवशी डबा बांधून भटकायचो. १८८४ साली जगाने मान्य केलेल्या ग्रीनिचच्या शून्य रेखावृत्तावर हे पश्चिमेला उभे, मी पूर्वेला. हात मात्र हातात! कुणी वळूनही पाहिले नाही.

घरी परतलो आणि हे दोन पावले पुढे चालू लागले. 'लोक काय म्हणतील?' मीही गप्प राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्या संध्याकाळी मी विचारले, "अहो, हात धरायला पुन्हा विमानातच बसायचे का?"

हे थांबले. आता आम्ही बरोबरीने चालतो. भगिनींनो, तुम्हीही विचारून पाहा.